विद्यार्थ्यांचा लघुपट : पहिली दोन मिनिटे

(मंडळाच्या विद्यार्थी-शिबिरात पेण येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या विद्यार्थी-शाखेने यंदा एक लघुपट तयार करण्याचे योजिले असून, त्याच्या आरंभाची आखणी कशी करावी आणि त्यासाठी कॅमेऱ्याचे तंत्र कितपत अवगत असावे, याविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, रेखाकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या दोन शासकीय परीक्षा दिलेले आणि सारी नोकरी प्राथमिक शाळेत खडू झिजविण्यात घालविलेले गृहस्थ. चित्रपट हा आमचा प्रांत नव्हे. तथापि गेल्या मार्गशीर्षापासून ही मुले दर रविवारी आमच्या ओटीवर जमतात. आम्ही त्यांस रेखाटन शिकवितो, ती आम्हांस कॅमेरा शिकवितात. या देवघेवीत जे हाती लागले, तेच आपणांपुढे ठेवणार आहोत.

प्रथम विषय सांगितला पाहिजे. आपल्या ज्ञातीतील एक वयोवृद्ध मूर्तिकार पेणेस राहतात. मूळचे ते रोह्याचे. त्यांचे नाव आम्ही येथे घेत नाही, कारण चित्रपटात ते यावे की न यावे, हे अद्यापि त्यांनीच ठरवावयाचे आहे. पेणच्या गणेशमूर्तींची कीर्ती आम्ही पेणकरांस काय सांगावी! हमरापूर, जोहे या गावांपर्यंत घरोघर हा उद्योग पसरला असून तो बाराही महिने चालतो. साचा, भरणी, घासकाम, रंग असे करीत मूर्ती पुढे सरकते आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी होते. अंगाला रंग देण्यास आता फवाऱ्याचे यंत्र आले; डोळ्यांस मात्र अजून कुंचलाच लागतो आणि त्या कुंचल्यामागे हात. आमच्या या मूर्तिकारांनी उभा जन्म डोळे आखण्यात घालविला. आता त्यांच्या बोटांस किंचित कंप सुटू लागला आहे. आखणीचा हा आपला अखेरचा हंगाम, असे त्यांनी घरात सांगून टाकले आहे. चवथ आटोपली की ते दरसाल दसऱ्यास रोह्यास जातात आणि दुसऱ्या दिवशी ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीस खांदा देतात. मूर्तिशाळेपासून पालखीपर्यंतचा त्यांचा हा प्रवास, एवढाच मुलांच्या लघुपटाचा विषय आहे.

विषय ठरला, आणि तेथेच तंटा उपस्थित झाला. रोहेकर मुलांचे म्हणणे असे की, चित्रपटाचा आरंभ पालखीने व्हावा. तिला सशस्त्र पोलिसांची मानवंदना मिळते, वाद्यांचा गजर, हजारोंचा समुदाय. प्रेक्षक पहिल्याच क्षणी खुर्चीत सरळ होऊन बसेल. पेणकर मुले म्हणाली, आरंभ मूर्तिशाळेतच झाला पाहिजे. तिसरा एक पक्ष निघाला, त्यास आकाशातून उडत्या कॅमेऱ्याने कुंडलिका नदी दाखवावयाची होती. यंत्र भाड्याने मिळते, असे त्या पक्षाचे सर्वांत बळकट प्रमाण! आम्ही सर्वांस एकच काम सांगितले : वहीत चौकोन आखा आणि तुम्हांस जे दिसावयास हवे ते एकेका चौकोनात काढा, खाली किती सेकंद ते लिहा. पहिल्या दोन मिनिटांसाठी त्यांनी ३१ चौकटी काढून आणल्या. दोन मिनिटे म्हणजे १२० सेकंद. प्रत्येक चौकटीस सरासरी चार सेकंदही येईनात. तेवढ्या अवधीत मूर्ती कोणती आणि माणूस कोणता, हेही पाहणारास उमगावयाचे नाही. भागाकाराने जे काम झाले ते आमच्या उपदेशाने झाले नसते. आज वहीत ११ चौकटी उरल्या आहेत.

आरंभाने काय साधावयाचे असते, यासाठी आम्ही मुलांस प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ दाखविला. दामले-फत्तेलाल यांचा हा चित्रपट पुढे व्हेनिसच्या प्रदर्शनात गौरविला गेला, हे सर्वश्रुतच आहे. आरंभी तुकोबा अभंग गात बसलेले दिसतात. कॅमेऱ्याची फारशी धावपळ नाही. थोड्याच वेळात तेच पद सालोमालो आपल्या नावावर गाताना दिसतो. झाले! एकाचे गाणे अंतःकरणातून येते, दुसऱ्याचे चोरीचे आहे, आणि हे दोघे आता एकमेकांसमोर उभे ठाकणार, एवढे सारे कोणी निवेदक पुढे येऊन न सांगता प्रेक्षकास कळून चुकते. गर्दी नाही, आतषबाजी नाही. प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न मात्र निर्माण झालेला असतो. रोहेकर मुलांस आम्ही विचारले की, तुमच्या पालखीने कोणता प्रश्न निर्माण होतो? पालखी भव्य खरी; परंतु ज्या म्हाताऱ्याला प्रेक्षक अजून ओळखतच नाही, त्याचा खांदा तिच्याखाली दिसला काय आणि न दिसला काय! तोच खांदा शेवटी दिसेल तेव्हा त्याचे मोल निराळे असेल. हे मुलांस पटले. पूर्णपणे पटले असे आम्ही म्हणत नाही. रोहेकर स्वभावतः चिवट आहेत.

आता तंत्राकडे वळू. तंत्र शिकण्याच्या रीतीविषयी आम्हांस दादासाहेब फाळके यांच्या चरित्रातून जे मिळाले ते कोणत्याही पुस्तकातून मिळाले नाही. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेला हा पुरुष मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकला. छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग, सारे करून चुकला. चित्रपट पाहून पाहून त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. ती परत येताच विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते विलायतेस निघाले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला आणि एप्रिलमध्ये स्वदेशी परतले. परंतु परत येताच त्यांनी हरिश्चंद्राला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा लावला! कॅमेरा एका जागी रोवून त्या रोपाच्या वाढीची एकेक चौकट दिवसामागून दिवस टिपली आणि सारे जोडून सुमारे मिनिटाची फीत केली. महिन्याभराची वाढ डोळ्यांदेखत मिनिटात झाली. ती फीत दाखवून त्यांनी सावकाराचा विश्वास संपादन केला, आणि मग ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्या एका वाटाण्यात कॅमेरा स्थिर ठेवणे, प्रकाश सारखा राखणे, चौकट न हलविणे आणि धीर धरणे, हे चारही धडे आले. आमच्या मुलांच्या पहिल्या दोन मिनिटांना आम्ही त्या दिवसापासून ‘वाटाणा’ असेच म्हणतो.

फाळक्यांचा कॅमेरा हाताने फिरवावयाचा होता. हँडलच्या एका फेऱ्यात ८ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सेकंदास १६ चौकटी, अशी त्या काळची सर्वसाधारण चाल होती. हाताची लय बिघडली की पडद्यावरची माणसे धावू लागत. आजच्या मोबाईलात ती लय यंत्र सांभाळते आणि म्हणून मुलांस वाटते की सांभाळण्यासारखे काही उरलेच नाही. ही समजूत मूर्तिशाळेत पहिल्याच दिवशी उडाली. चित्रण केले ते घरी येऊन पाहतात तो चित्रावर काळसर पट्टे सरकत आहेत! कारण असे की, आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा असतो, त्यामुळे तेथील नळीचे दिवे सेकंदास १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यास ते उमगत नाही, कॅमेऱ्यास उमगते. मोबाईल सहसा सेकंदास ३० चौकटींवर लावलेला येतो. तो २५ वर आणला आणि प्रत्येक चौकटीस प्रकाश मिळण्याचा काळ सेकंदाचा पन्नासावा हिस्सा केला की, प्रत्येक चौकटीत दिव्याची दोन स्पंदने नेमकी सामावतात आणि पट्टे नाहीसे होतात. हा हिशेब आमच्या पाचवीच्या अपूर्णांकांपलीकडचा नाही.

दुसरी अडचण पांढऱ्या रंगाची. रंग न दिलेल्या मूर्तींच्या रांगा चित्रात करड्या, मळकट दिसू लागल्या. कॅमेऱ्याचे यंत्र असे गृहीत धरून चालते की, समोरचे दृश्य मध्यम उजेडाचे आहे. सारेच पांढरे समोर आले की, त्यास उजेड फार झाला असे वाटते आणि ते चित्र काळवंडविते. याच न्यायाने रात्रीच्या काळोखात ते चित्र अतोनात उजळ करू पाहते आणि मशालीच्या उजेडातले चेहरे पांढरे फटफटीत होतात. यासाठी पडद्यावर बोट दाबून धरून प्रकाश व नेम दोन्ही जखडून टाकावे आणि मग प्रकाश आपल्या नजरेने थोडा चढवावा किंवा उतरवावा. कुंचल्याचे टोक अगदी जवळून घेताना तर नेम जखडणे अवश्यच आहे. नाहीतर कॅमेरा कधी कुंचला पाहतो, कधी मागची भिंत.

दूरदृश्य, मध्यदृश्य आणि समीपदृश्य, ज्यास मुले लाँग, मिड व क्लोजअप म्हणतात, त्यांचा भेद आम्ही स्थिरचित्राच्या उदाहरणाने सांगितला. टेबलावर तांब्या, पेला आणि वस्त्र मांडले असता परीक्षार्थी कोठे बसतो यावर त्याचे चित्र ठरते. तद्वत कॅमेऱ्याचेही आहे. बसल्या जागेवरून बोटाने चित्र ताणून मोठे करण्यात काही अर्थ नाही, तपशील फाटतो. उठून जवळ जावे. मूर्तीकडे खालून पाहिले की ती थोर भासते, वरून पाहिले की मूर्तिशाळेची मांडणी कळते. मूर्तिकाराकडे मात्र त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून पाहावे, एवढा आग्रह आम्ही धरला. ते जमिनीवर पाटावर बसतात. तेव्हा कॅमेराही जमिनीवर बसला पाहिजे. कॅमेरा डावीकडून उजवीकडे वळवावयाचा तर आधी क्षणभर स्थिर, मग अगदी सावकाश, शेवटी पुन्हा स्थिर. मुलांचे पहिले वळण पाहून आम्हांस एसटीच्या खिडकीतून वडखळ नाका पाहिल्याचा भास झाला.

पालखीच्या बाबतीत एक सूक्ष्म गोष्ट आहे. रस्त्याच्या एका बाजूस उभे राहून घेतलेल्या चित्रात पालखी डावीकडून उजवीकडे चालली असेल आणि चित्रकार मध्येच रस्ता ओलांडून पलीकडे गेला, तर पडद्यावर तीच पालखी उजवीकडून डावीकडे चाललेली दिसेल. प्रेक्षक म्हणेल, निघाली काय आणि परतली काय! म्हणून जाताना एकच बाजू धरावी. पालखी गावभर फिरून दुसऱ्या दिवशी मंदिरास परतते, तेव्हा खुशाल दुसरी बाजू घ्यावी; एक शब्द न बोलता परतीचा अर्थ निघेल. हे रोह्याच्या मुलांस एकदम आवडले, कारण दोन्ही वेळा कोणाच्या ओट्यावर उभे राहावयाचे हे त्यांस आधीच ठाऊक होते. पालखीला ‘पुन्हा एकदा’ म्हणता येत नाही. मूर्तिशाळेत म्हणता येते, पण तेथेही किती वेळा म्हणावे यास मर्यादा आहे. समोरचा माणूस पोटासाठी काम करीत असतो.

आता काही ज्ञातिबंधूंच्या शंका. एका वडीलधाऱ्या सद्गृहस्थांनी विचारले की, कॅमेरा एका मुलीच्या हाती दिला आहे, ती रात्री पालखीच्या गर्दीत कशी जाणार? शंका काळजीपोटी आहे, हे आम्ही जाणतो. परंतु १९१३ साली तारामतीच्या भूमिकेस एकही स्त्री मिळाली नाही आणि ती अण्णा साळुंके यांस करावी लागली, त्याच वेळी घरात सरस्वतीबाई फाळके रात्री अंधार करून कच्च्या फितीस छिद्रे पाडीत होत्या, फीत धुण्यास हातभार लावीत होत्या, शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत होत्या. पडद्यावर स्त्री नव्हती, पडद्यामागे होती. आमच्या या विद्यार्थिनीचा हात सर्वांत स्थिर आहे, हे आम्ही चित्रकलेच्या वहीवरून सांगतो. ओट्यावर तिच्यासोबत तिची आत्या उभी राहील, अशी व्यवस्था झाली आहे. आत्याबाईंना पालखीची वाट आणि गर्दीचे वळण कोणाही स्वयंसेवकापेक्षा अधिक ठाऊक आहे.

दुसरी शंका आमच्या कोषाध्यक्षांची. विद्यार्थी-निधी वह्यापुस्तकांसाठी आहे, तो चित्रांवर का खर्चावा? प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल सांगतो की, मोबाईल मुलांचे घरचेच आहेत, जोडकाम फुकट मिळणाऱ्या साधनावर होते आणि उडत्या कॅमेऱ्याचा बेत आम्ही खोडून टाकला आहे. मागणी केवळ दोन वस्तूंची आहे : एक भक्कम तिपाई आणि एक लहानसा ध्वनिग्राहक, जो सदऱ्याला टाचता येतो. चित्र थोडे काळोखे असले तर लोक पाहतात. बोललेले ऐकू आले नाही तर उठून जातात. मूर्तिशाळेत फवाऱ्याच्या यंत्राची घरघर अखंड चालते. ती दोन मिनिटे बंद ठेवण्याचे मालकांनी कबूल केले आहे, आणि त्या घरघरीचाच आम्ही उपयोग करणार आहोत.

तो असा. पहिल्या चौकटीत मूर्तीचा केवळ चेहरा दिसेल, अगदी जवळून, रंग चढलेला, पण डोळे नसलेला. कॅमेरा हलणार नाही. पंधरा सेकंद ती घरघर ऐकू येईल आणि मग एकाएकी थांबेल. दुसऱ्या चौकटीत खिडकीच्या उजेडात डोळ्यांवाचूनच्या मूर्तींची सारी रांग. मग मूर्तिकार सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसताना. मागे घासकाम करणाऱ्या बायका क्षणभर हात थांबवून त्यांच्याकडे पाहतात. ही चौकट मुलांनी काढली नव्हती. मूर्तिशाळांत इतक्या स्त्रिया राबतात आणि ३१ चौकटींत एकही नसावी याचे आम्हांस नवल वाटले. मग वाटीतला रंग, कुंचला, पुन्हा चेहरा. सहावी चौकट हाताची आहे. कुंचला मूर्तीच्या डोळ्यापाशी जातो आणि हवेत थांबतो. अकरावी चौकट संपते तेथे पहिली रेघ अजून ओढलेली नसते, आणि पडद्यावर चित्रपटाचे नाव येते.

सहाव्या चौकटीविषयी मुलांत आणि आमच्यात मतभेद आहे, तो येथे उघड मांडतो. त्या चौकटीत बोटांचा कंप दिसतो. मुलांचे म्हणणे असे की, तो दिसलाच पाहिजे. हात स्थिर राहील की नाही, हाच तर प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न. चित्रपटाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बिनतोड आहे, आणि प्रश्नावाचून आरंभ नाही, हे त्यांस आम्हीच शिकविले आहे. परंतु ज्याने जन्मभर डोळ्यांची आखणी केली, त्याच्या लेकी-जावयांपुढे, गिऱ्हाइकांपुढे, ज्ञातीपुढे त्याचा थरथरता हात एवढा मोठा करून दाखवावयाचा, तो त्याच्या संमतीवाचून नव्हे. मूर्तिकारांनी ‘काढा बाबांनो चित्र’ असे म्हटले आहे खरे. पण कॅमेरा किती जवळ येतो याची त्यांना कल्पना नाही. समीपदृश्य म्हणजे काय, हे पाहिल्यावाचून कळत नाही. फाळक्यांनी वाटाणा सावकारास दाखविला. आमचा वाटाणा आम्ही प्रथम मूर्तिकारांस दाखविणार.

तेव्हा कार्यक्रम असा ठरला आहे. चित्रण आषाढी एकादशीच्या आत, सकाळी नऊ ते अकरा या वेळात व्हावयाचे, कारण तेव्हाच खिडकीतून सरळ उजेड येतो आणि नळीचे दिवे मालवून टाकता येतात. प्रत्येक चौकट सुरू करण्यापूर्वी व संपल्यावर पाच-पाच सेकंद अधिक चित्रण करावे. जोडताना ते उपयोगी पडते. त्यानंतरच्या रविवारी ती दोन मिनिटे मूर्तिकारांच्या घरी, त्यांच्याच भिंतीवर, घरच्या माणसांसमक्ष दाखवावयाची. सहावी चौकट काढा म्हणाले तर ती निघेल. उरलेल्या १० चौकटींत १२० सेकंद कसे बसवावयाचे, ते मुलांनी आजच वहीत काढून ठेवावे. रोहेकर मंडळींनी नागोठण्याच्या मुलांस बरोबर घेऊन सकाळच्या पहिल्या गाडीने पेण स्टेशनावर उतरावे. तिपाईची मंजुरी सायंकाळच्या सभेत मिळाली तर उत्तम. न मिळाली तर आमच्याकडील चित्रफलकाची लाकडी घोडी आहे, तिला मोबाईल बांधून पाहिला आहे, तो पडत नाही.